पंचेचाळीस मिनिटं आधी

कुपीच्या तळाशी चिमूटभर पूड,
वाळलेलं शेवाळ कुटून ठेवावं तशी.
मी पाणी सोडते, हलवते,
आणि हिरवी शाई तयार होते.
एर्मेलिंदा काय्युपान, वय त्रेसष्ट,
सिरिंजकडे बघत म्हणते,
"हे मला देणार? मला वाटलं खिडक्या रंगवायला आणलंय."

तेमुकोत जुलै. प्रत्येक धुराड्यातून लाकडाचा धूर,
तिच्या शालीलाही तोच वास.
शालीची घडी करता करता
विचारायचं ते विचारून घेते:
आयोडीननं कधी अंगावर गांधी उठल्या?
"आयोडीननं नाही. धाकट्या दिराच्या बोलण्यानं उठतात."
हसते, आणि हसता हसता
हात आपसूक उजव्या बरगडीखाली जातो.

सात वाजून दहा मिनिटं. कागदावर लिहिते.
आता त्या रंगाचं तो बघून घेईल.
रक्तातून फिरत काळजाशी पोचेल
(खाटकाकडे वजनावर मिळतं ते काळीज,
कवितेतलं नव्हे),
काळीज त्याला ठेवून घेणार नाही,
पित्तात लोटून देईल, आला तसाच.

आमच्याकडे त्याला पाना म्हणतात.
धाडसालाही तोच शब्द.
"पाना आहे ना माझी जागेवर?"
मी आहे म्हणेपर्यंत भूल चढलेली असते.

चार भोकं. फुगवलेलं पोट.
पडद्यावर पिवळी चरबी, लाल सूज,
सगळं एकमेकांना धरून बसलेलं,
भांडण विसरून न सुटणाऱ्या भावंडांसारखं.
यातून एक नळी शोधायची आणि तोडायची.
तिच्या शेजारच्या नळीला मात्र
धक्कासुद्धा लागता कामा नये.

डॉक्टर ओयार्सुन कधी त्याबद्दल बोलत नाहीत.
पित्रुफ्केनची एक शाळामास्तरीण होती,
तिची नळी बारीक दिसली, म्हणून हीच ती असं वाटलं.
पुढे तीन ऑपरेशनं, कावीळ, आणि
बाकावर कोट मांडीवर घेऊन बसलेला नवरा.
अकरा वर्षं झाली.
कात्री मागितली त्यांनी,
हातात दिली मी.

आज क्लिप बास्तियानच्या हातात आहे. पोरगा हुशार, घाईचा.
"ही," तो म्हणतो.
दिसतेही तशीच.

"दिवा बदल."

डोळ्याला न दिसणारा तो उजेड पडतो
आणि लाल विझतं, पिवळं विझतं.
काळोखात काळीज पेटलेल्या डोंगरासारखं,
त्याच्या कुशीतून उतरणारे हिरवे ओहोळ:
एक रुंद, खाली जाणारा,
एक आखूड, पिशवीकडचा,
आणि

उजवीकडून तिरका येणारा तिसरा,
पुस्तकातल्या चित्रात नसलेला,
क्लिपच्या जबड्यात निम्मा शिरलेला.

"थांब."
आवाज चढवला नाही त्यांनी.
भुलेच्या यंत्राची टिकटिक तेवढी चालू.
बास्तियाननं जबडा उघडला,
नखभर वर सरकवला,
पुन्हा दाखवला. मान हलली.
मग मी कात्री दिली.
माझा हात स्थिर होता, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी एर्मेलिंदा बरणी उजेडात धरून
खडे मोजते. सतरा.
एक कबुतराच्या अंड्याएवढा.
"हे दिराला दाखवते," म्हणते,
"त्याचं बोलणं कुठे साठत होतं ते."
तिला नखभर अंतराचं कुणी सांगितलेलं नाही.
सांगण्यासारखं घडलंही नाही काही.

कॉरिडॉरमध्ये डॉक्टर हात धुतात, फार वेळ.
नळ बंद न करताच विचारतात,
"रंग किती वाजता दिला होतास?"
"सात दहा."
"हं."
आणि पुन्हा साबण घेतात.

रात्री चुलीत लाकूड सारताना
माझ्या बोटाला हिरवा डाग दिसतो, कुपीचा.
धुतला नाही. असू दे एक दिवस.